दारांतली गाडी आणि दृष्टिसुखाचा हक्क

शेजाऱ्यांचें भांडण हा विषय इतिहासकाराच्या लेखणीस सहसा रुचत नाहीं. तह, लढाया आणि वंशावळी यांना जागा देतां देतां त्याचीं पानें भरून जातात. पागोळीचें पाणी कोणाच्या भिंतीवर पडतें किंवा शेवग्याची फांदी कोणाच्या परसांत वांकली आहे, असल्या वादांना दिवाणी कोर्टाच्या दप्तराबाहेर ठिकाण मिळत नाहीं. परंतु एखादा समाज ‘माझें’ आणि ‘दुसऱ्याचें’ यांच्यामधली रेघ कोठें ओढतो हें पाहावयाचें असेल, तर तहनाम्यांपेक्षां हीं दप्तरेंच अधिक बोलकीं असतात. अमेरिकेंतील अशाच एका क्षुल्लक दिसणाऱ्या भांडणाची हकीकत येथें सांगावयाची आहे. वादाचा मुद्दा एवढाच, कीं स्वतःच्या घरापुढील स्वतःच्या गाडीवाटेवर, जिला तिकडे ड्राइव्ह-वे म्हणतात, स्वतःचीच फिरती बिऱ्हाडगाडी उभी ठेवण्याचा माणसास हक्क आहे कीं नाहीं.

बिऱ्हाडगाडी म्हणजे काय तें आधीं सांगितलें पाहिजे. मोटारीच्याच सांगाड्यावर निजण्याचे माचे, चूल, पाण्याची टांकी आणि बहुधा न्हाणीघर यांसह एक लहानसें घर उभारलेलें असतें. कॅम्पर व्हॅन, मोटर-होम अशीं तिचीं नांवें. मोटारीमागें जोडून ओढावयाची असेल तर तिला ट्रेलर म्हणतात. लहान गाडी साध्या मालमोटारीएवढी दिसते. मोठीची लांबी चाळीस फुटांपर्यंत जाते. ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण निंदेची कीं कौतुकाची, हें बोलणाराच्या स्वरावरून ठरतें. या गाडीसंबंधीं अमेरिकन मनाची स्थिति नेमकी तशीच आहे. रस्त्यावरून धांवतांना ती स्वातंत्र्याची मूर्ति असते. शेजाऱ्याच्या दारांत येऊन उभी राहिली, कीं तिच्यांतला विंचू तेवढा डोळ्यांत भरतो.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. तो टेक्सास राज्यांत स्थायिक झाला आहे. त्याचे आईवडील साताऱ्याहून पहिल्यानेंच तिकडे गेले, तेव्हां त्यांना ग्रँड कॅनियन दाखवावें म्हणून त्यानें अशी एक गाडी भाड्यानें आणली आणि सामान भरण्यासाठीं दोन रात्रीं दारांत ठेविली. तिसऱ्या दिवशीं त्या वसाहतीच्या गृहस्वामी-संघाचें पत्र आलें. पत्राबरोबर पुरावा म्हणून गाडीचें छायाचित्रहि जोडलेलें होतें. वडील म्हणाले, “जागा आपली, भाडें आपण भरलेलें, वाट कोणाची अडली नाहीं, मग हें पत्र कशाचें?” मुलानें घर घेतांना सही केलेली जाडजूड पुस्तिका शोधून काढली. तींत एक कलम होतें, कीं या जातीचें वाहन रस्त्यावरून दिसेल अशा रीतीनें ठेवूं नये. आम्हां मास्तर लोकांना वाक्यांतल्या क्रियापदाकडे पाहण्याची खोड असते. त्या कलमांत गाडी ठेवण्यास बंदी नव्हती, ती दिसण्यास बंदी होती. माझ्या अंगणांत काय आहे हें शेजाऱ्याच्या डोळ्यांस रुचलें पाहिजे, हा हक्क शेजाऱ्यास कोणी दिला? सगळा इतिहास या प्रश्नांत आहे, आणि तो अमेरिकेच्या शोधानंतर फार उशिरां नव्हे, पण मोटारीच्या बराच आधीं सुरू होतो.

सन १६१० मध्यें इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांतील एका गृहस्थानें शेजाऱ्यावर फिर्याद केली. शेजाऱ्यानें त्याच्या घरालगत डुकरांचा खुराडा बांधला होता आणि दुर्गंधीमुळें घरांत राहणें अशक्य झालें होतें. हा ‘आल्ड्रेडचा खटला’ कायद्याच्या विद्यार्थ्यांस अजून शिकवितात. त्याची हकीकत लिहून ठेवणारा एडवर्ड कोक हा त्या काळचा सर्वांत मोठा कायदेपंडित. निकाल फिर्यादीच्या बाजूचा झाला. स्वच्छ हवा व उजेड हीं घराला आवश्यक आहेत, त्यांत बिघाड करणाऱ्यानें भरपाई दिली पाहिजे, असें न्यायासनानें मानलें. पण त्याच चर्चेंत एक दुसरी गोष्टहि स्पष्ट झाली. खिडकींतून दिसणारा सुंदर देखावा शेजाऱ्यानें झांकला तर त्याबद्दल दाद मिळणार नाहीं; कारण देखावा ही गरज नव्हे, ती मौज आहे, आणि मौजेसाठीं कायदा धांवून येत नाहीं. थोडक्यांत, इंग्लिश कायद्यानें नाकाला हक्क दिला व डोळ्याला नाकारला. हा दंडक पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकला.

डोळ्याला जें फुकट मिळालें नाहीं तें त्यानें मग विकत घेतलें. लंडनमधील लेस्टर स्क्वेअर या चौकांतली बाग १८०८ सालीं तिच्या टल्क नांवाच्या मालकानें विकली. विकतांना खरेदीखतांत शर्त घातली, कीं ही जागा सदैव बागच राहावी, तींत इमारत होऊं नये. चौकाच्या कडेचीं घरें त्याच्याच मालकीचीं राहिलीं होतीं, म्हणून ही काळजी. बाग हातोहात विकली जात मॉक्सहे नांवाच्या गृहस्थाकडे आली. तो म्हणाला, मीं अशी शर्त कोणाशींहि केली नाहीं; मी बांधणार. १८४८ मध्यें लॉर्ड कॉटनहॅम यांनीं निवाडा दिला, कीं शर्तीची माहिती असून ज्यानें जमीन घेतली त्याला ती शर्त बांधते, मग त्यानें स्वतः सही केलेली असो वा नसो. निवाडा न्यायाचाच होता, आणि त्यामुळें लेस्टर स्क्वेअरची बाग आजहि आहे. परंतु या निवाड्यानें एक नवीन वस्तु जन्मास घातली: जमिनीला चिकटून तिच्याबरोबर प्रवास करणारें वचन. माणूस मरतो, जमीन विकली जाते, वचन मात्र राहतें. टेक्सासमधली ती जाडजूड पुस्तिका हें याच वचनाचें पणतवंड होय.

आतां गाडीकडे वळूं. चाकांवर राहणाऱ्या माणसाविषयीं स्थायिक माणसाचें मत कधींच चांगलें नव्हतें. जिप्सी लोकांना देशाबाहेर घालविण्याचा इंग्लिश कायदा आठव्या हेन्रीच्या काळचा, १५३० सालचा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत या वृत्तीचें एक मौजेचें प्रात्यक्षिक घडलें. १८८५ सालीं आरमारांतून निवृत्त झालेले गॉर्डन स्टेबल्स या नांवाचे एक डॉक्टर ब्रिस्टलमध्यें मुद्दाम बांधवून घेतलेली ‘वाँडरर’ नांवाची चाकांवरील कोठी दोन घोड्यांना जुंपून इंग्लंडांतून स्कॉटलंडपर्यंत हिंडून आले. बरोबर नोकर, कोचमन व कुत्रा असा सरंजाम होता. त्यांनीं या सफरीवर पुस्तक लिहिलें, त्याचें कौतुक झालें, आणि पुढें १९०७ मध्यें हौशी मंडळींचा कॅरव्हॅन क्लब निघाला, तेव्हां हे डॉक्टर त्याचे एक उपाध्यक्ष झाले. नेमक्या त्याच सुमारास कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ हे सुधारक पार्लमेंटपुढें पुनःपुन्हां एक विधेयक आणण्याची खटपट करीत होते. जिप्सींच्या गाड्यांची नोंदणी व्हावी, त्यांत किती माणसें निजतात याची तपासणी व्हावी, असा त्याचा आशय होता. स्मिथ यांचा हेतु मुलांना शाळेंत घालण्याचा होता. त्यांना दुष्ट म्हणतां येणार नाहीं. विधेयक संमत झालें नाहीं, तें असो. पण दोन गाड्या शेजारीं उभ्या करून पाहाव्या: दोहोंना चारच चाकें, दोहोंत एकच चूल. फरक एवढाच, कीं डॉक्टरसाहेबांचें ट्वायफोर्ड गांवीं दुसरें घर होतें.

हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज लागणार आहे.

अमेरिकेंत हेन्री फोर्डची स्वस्त मोटार १९०८ मध्यें निघाली, आणि पहिलें महायुद्ध संपतांच सामान्य कुटुंबें तिच्यांत तंबू, भांडीं व डबाबंद अन्न घालून हिंवाळ्यांत उबदार फ्लॉरिडाकडे निघूं लागलीं. १९१९ सालीं टॅम्पा शहराच्या डी सोटो उद्यानांत अशा प्रवाशांनीं एक संघटना स्थापिली व तिचें नांव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी, असें ठेविलें. मोटारीच्या नाकाडावर डाक देऊन बसविलेला रिकामा पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. दुकानदारांना हे लोक हवेसे होते, घरवाल्यांना नकोसे. हे प्रवासी एक सदरा व वीस डॉलरांची एक नोट घेऊन येतात आणि हिंवाळा संपेपर्यंत दोहोंपैकीं एकहि बदलीत नाहींत, असा विनोद त्या वेळीं फ्लॉरिडांत रूढ होता. आरंभीं नगरपालिकांनीं फुकट तळ दिले होते. पुढें कोठें भाडें लागलें, कोठें तळच बंद झाले.

त्याच फ्लॉरिडाच्या दुसऱ्या टोंकास, मायामीजवळ, जॉर्ज मेरिक नांवाचा एक कविता करणारा जमीनदार याच्या अगदीं उलट स्वप्न पाहत होता. हा मनुष्य मला या सर्व हकीकतींत सर्वांत लोभस वाटतो. बाप धर्मोपदेशक, १८९९ मध्यें हें कुटुंब उत्तरेकडील थंडी सोडून पपनसासारख्या ग्रेपफ्रूटचे मळे करावयास आलें. मेरिकनें १९२० मध्यें कवितांचें पुस्तक छापलें आणि मग शब्द सोडून चुना-विटा हातीं घेतल्या. मळ्यांच्या जागीं त्यानें स्पॅनिश व इटालियन धर्तीचें एक संपूर्ण शहर आंखलें: कौलारू घरें, कमानी, कारंजीं, सावलीचे रस्ते. प्रवाळी दगड काढून उरलेल्या खाणीचें त्यानें पोहण्याचें तळें केलें, आणि भूखंड खपावे म्हणून त्या तळ्याकांठीं विल्यम जेनिंग्ज ब्रायनसारख्या नामांकित वक्त्याचीं व्याख्यानें पैसे मोजून करविलीं. कोरल गेबल्स असें या शहराचें नांव; १९२५ मध्यें त्याला नगराचा दर्जा मिळाला. तेथें घर बांधावयाचें म्हणजे तें शोभेचें असलें पाहिजे, हा नियम पहिल्या विटेपासूनचा. सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळानें जमिनींचा फुगलेला बाजार कोसळला व मेरिकचें दिवाळें निघालें. १९४२ सालीं तो वारला तेव्हां मायामीचा पोस्टमास्तर होता. पण शहर राहिलें, आणि त्याचा सौंदर्याचा हट्टहि राहिला.

ज्या वर्षीं वादळ झालें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयांत युक्लिड नांवाच्या ओहायो राज्यांतील गांवाचा खटला निकालांत निघाला. कोणत्या भागांत राहतीं घरें, कोणत्या भागांत दुकानें व कोठें कारखाने, असे विभाग गांवानें पाडले होते. एका जमीन-कंपनीनें त्यास हरकत घेतली होती. न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं गांवाची बाजू उचलून धरली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ति सदरलँड यांनीं समजावून सांगितलें, कीं उपद्रव म्हणजे नेहमींच वाईट वस्तु असते असें नाहीं. चांगली वस्तुहि भलत्या जागीं आली म्हणजे उपद्रव होते, जसें गोठ्याऐवजीं दिवाणखान्यांत आलेलें डुकर. तीनशें सोळा वर्षांनीं डुकर पुन्हां न्यायासनापुढें उभें राहिलें, पण या वेळीं तें केवळ उपमेपुरतें होतें आणि त्याला वास नव्हता. भलत्या जागेची कल्पना एकदां मान्य झाली, कीं दुर्गंधीचा पुरावा देण्याचें कारण उरत नाहीं. त्याच निकालांत भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीला, ती घरांच्या वस्तींत शिरली तर, बांडगुळाची पदवी मिळाली आहे.

मग चाकांवरच्या घराची जागा कोणती? १९३० नंतरच्या दशकांत ट्रेलरांचा एवढा सुळसुळाट झाला, कीं रॉजर बॅबसन या विख्यात अर्थवेत्त्यानें वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहूं लागेल असें भाकीत केलें. भाकीत फसलें, पण लोक घाबरले. १९३६ मध्यें मिशिगनमधील ऑर्चर्ड लेक या गांवीं तळ्याकांठच्या जागेवर उभ्या केलेल्या एका ट्रेलरविरुद्ध तक्रार झाली. न्यायाधीशानें ठरविलें, कीं ज्यांत निजणें व रांधणें होतें तें मनुष्याचें राहतें घर होय, आणि म्हणून घराच्या किमान आकाराचे नियम त्यास लागूं आहेत. त्या मापांत अर्थातच तें बसलें नाहीं. हा तर्क मोठा विलक्षण आहे. घर म्हणून पाहिलें तर तें फार लहान ठरलें. आणि पुढल्या पिढींत, गाडी म्हणून पाहिलें तेव्हां तेंच फार मोठें ठरणार होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांची लाट आली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट बंधूंनीं एकाच सांच्याचीं सतरा हजारांवर घरें उभारलीं. युद्धावरून परतलेल्या सामान्य शिपायास स्वतःचें अंगण मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. पण अंगणाबरोबर शर्ती आल्या: कुंपण घालूं नये, हिरवळ वेळच्यावेळीं कापावी, कपडे दोरीवर वाळत घालूं नयेत. आणि आरंभीच्या करारांत आणखी एक शर्त होती, कीं गोऱ्या वंशाखेरीज कोणी तेथें राहूं नये. वंशाच्या असल्या शर्ती कोर्टांनीं अंमलांत आणूं नयेत असें सर्वोच्च न्यायालयानें १९४८ मध्यें ठरविलें. गवताची उंची आणि माणसाचा वर्ण एकाच कागदावर, एकाच शाईनें लिहिलेलीं होतीं, हें विसरून त्या कागदाचा इतिहास लिहितां येत नाहीं. दोहोंचें समर्थनहि एकच होतें: घरांच्या किंमती पडतील.

१९५४ सालीं डोळ्याला अखेर राजमान्यता मिळाली. राजधानीच्या नैर्ऋत्य भागांतील गलिच्छ वस्ती सरसकट पाडावयाची होती; तींत एका माणसाचें धडधाकट दुकानहि जाणार होतें. न्यायालयानें एकमतानें सांगितलें, कीं नगर निरोगी असावें तसें सुंदरहि असावें, असें ठरविण्याचा विधिमंडळास अधिकार आहे. तेथून उठलेले लोक बहुतेक गरीब व काळे होते. निकालपत्र न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांचें होतें. हे डग्लस म्हणजे डोंगरदऱ्यांचे अट्टल भटके. त्याच वर्षींच्या वसंतांत, एका जुन्या कालव्याच्या कांठीं मोटाररस्ता होऊं नये म्हणून सुमारें १८५ मैलांची पदयात्रा काढणारे. पुढें वीस वर्षांनीं, १९७४ च्या एप्रिलांत, बेल टेअर या लाँग आयलंडवरील चिमुकल्या गांवानें नातें नसलेल्या दोहोंपेक्षां अधिक माणसांनीं एका घरांत राहूं नये असा नियम केला होता, तोहि डग्लस यांनींच उचलून धरला. रुंद अंगणें, मोजकीं माणसें आणि मर्यादित मोटारी असलेली शांत जागा मागणें गांवाला शोभतें, असा त्यांचा अभिप्राय. उघड्या आकाशाखालीं निजण्याची गोडी ज्यांना माहीत होती, त्यांनींच मोटारी व माणसें मोजण्याची मुभा गांवांना द्यावी, हा योगायोग मला नेहमीं खटकतो.

दरम्यान गाडीहि वाढत होती. १९६० मध्यें कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनीं मालमोटारीवर लांकडी खोलीसारखें घरटें बसवून घेतलें, तिला डॉन किहोटेच्या घोड्याचें नांव दिलें, आणि चार्ली नांवाच्या कुत्र्यासह देश पाहावयास निघाले. निघण्यापूर्वीं सॅग हार्बर येथील त्यांच्या अंगणांत ती गाडी कांहीं दिवस उभी होती. पाहावयास येणाऱ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांत कुठेंतरी निघून जाण्याची तहान दिसे, असें त्यांनीं नोंदविलें आहे. पत्र कोणी धाडलें नाहीं. १९६६ पासून आयोवांतील विनेबागो कारखान्यानें मोटर-होम बनविण्यास आरंभ केला व सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत ही चैन आली. मग १९७३ मध्यें अरबांनीं तेल रोखलें. पेट्रोलच्या रांगा लागल्या, गाड्यांचा खप घसरला, आणि ज्या घेतलेल्या होत्या त्यांना हिंडावयास पेट्रोल मिळेना. हिंडणारी गाडी थांबली म्हणजे ती कोठें थांबणार? मालकाच्या दारांत.

कोरल गेबल्सचा निकाल नेमका १९७४ चा आहे. राहण्याजोगी केलेली कोणतीहि गाडी घरांच्या वस्तींत ठेवावयाची तर ती बंद गॅरेजांतच ठेविली पाहिजे, असा त्या शहराचा नियम होता. एका रहिवाशानें त्यास आव्हान दिलें. खालच्या न्यायालयांत शहर हरलें, अपिलांत जिंकलें. नगराचें रूप सांभाळणें हें नियमास पुरेसें कारण आहे, असें अपील-न्यायालयानें मानलें. मेरिकच्या स्वप्नापुढें टॅम्पाच्या डबेवाल्यांचा असा पराभव झाला.

या वादांत दोन्ही बाजूंचें म्हणणें मी पुष्कळ वाचलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर तक्रार करणारा शेजारी मला अगदींच खलपुरुष वाटत नाहीं. आयुष्याची पुंजी घरांत घातलेल्या माणसाच्या जेवणघराच्या खिडकीपुढें चाळीस फुटांची पांढरी भिंत वर्षांतले अकरा महिने उभी राहिली, तर त्याचा उजेड कमी होतो. कोपऱ्यावरून वळणाऱ्या मोटारवाल्याला पलीकडचें मूल दिसत नाहीं. हीं दुःखें खरीं आहेत. आल्ड्रेडच्या न्यायासनानेंहि उजेड ही गरजच मानली होती. परंतु असल्या दुःखांवर उपाय म्हणजे रस्त्यापासून अमुक फूट अंतर, अमुक दिवसांची मुदत. आणि पुष्कळ नगरपालिकांनीं तोच मार्ग धरला आहे. ज्या नियमाला अंतर नको, मुदत नको, केवळ अदर्शन हवें, त्याचें दुखणें निराळें असतें. गाडीमालकांचीहि बाजू सर्वस्वीं निर्मळ नाहीं. ‘माझ्या जागेंत मी वाटेल तें करीन’ असें म्हणणारा गृहस्थच, पलीकडच्याच्या अंगणांत मोडकी मोटार विटांवर चढलेली पाहतो, तेव्हां नियमाचें कलम शोधूं लागतो.

१९७० नंतर नगरपालिकांपेक्षांहि गृहस्वामी-संघांचें प्रस्थ वाढलें. अशा संघांची संख्या १९७० सालीं सुमारें १०,००० होती आणि २०२० पर्यंत ती साडेतीन लाखांवर गेली, असा त्यांच्याच मध्यवर्ती संस्थेचा अंदाज आहे. नगरपालिकेचा नियम निदान घटनेच्या कसोटीवर घांसतां येतो. संघाचा नियम हा करार, आणि करारावर आपली सही असते. माझ्या विद्यार्थ्यानेंहि ती केली होती, न वाचतां. २०२१ मध्यें अमेरिकेंतील कारखान्यांतून सहा लाखांवर बिऱ्हाडगाड्या बाहेर पडल्या, हा उच्चांक होता. साथीच्या दिवसांत लोकांना हॉटेल नको होतें, स्वतःचें अंथरूण हवें होतें. या सहा लाख गाड्यांपैकीं गॅरेजांत मावणाऱ्या किती असतील?

कोरल गेबल्सचा पुढचा अध्याय गाडीच्या नव्हे, तर प्रतिष्ठेच्या इतिहासांतला आहे. राहत्या वस्तींत मालमोटार उघड्यावर ठेवूं नये असाहि तेथें नियम होता. २००३ मध्यें भाड्यानें राहणाऱ्या एका गृहस्थास, त्याची पिकअप जातीची गाडी रात्रीं घरापुढें उभी असल्याबद्दल, दंडाची चिठ्ठी मिळाली. गाडी मालवाहतुकीची नव्हती, रोजच्या वापराची होती. घराला गॅरेज नव्हतें. २००७ मध्यें अपील-न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं नियम रद्द केला. २०१० मध्यें त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठानें तो पुन्हां कायम केला. शेवटीं २०१२ सालीं नागरिकांनींच मतदान करून पिकअप गाड्यांवरील बंदी उठविली. मधल्या काळांत पिकअप ही गवंड्या-सुतारांची गाडी न राहतां डॉक्टर-वकिलांचीहि झाली होती. गाडीचें रूप बदललें नव्हतें, तींत बसणारा बदलला होता, आणि शहराच्या डोळ्याला ती एकाएकीं खुपेनाशी झाली.

येथें गॉर्डन स्टेबल्स यांच्या दुसऱ्या घराची आठवण करावी. दारांतल्या गाडीचा हा सगळा तंटा ज्याला दार आहे त्याचा आहे. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर हजारों वृद्ध व बेकार माणसें घर गमावून गाडींतच राहूं लागलीं. लॉस एंजेलिस शहरानें गाडींत राहण्यास बंदी करणारा नियम १९८३ मध्येंच केला होता. व्हेनिस या समुद्रकांठच्या वस्तींत पोलिसांनीं त्याचा सपाटा लावला, तेव्हां अशा चार बेघर माणसांनीं शहरावर दावा केला. २०१४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें नियम संदिग्ध म्हणून रद्द ठरविला. गाडींत अंथरूण, अन्न, कपडे ठेवणें हा गुन्हा म्हटला तर सहलीला निघालेला बिऱ्हाडगाडीवालाहि गुन्हेगार ठरतो. पोलीस धरतात मात्र एकालाच, असें न्यायाधीशांनीं दाखवून दिलें. परंतु जून २०२४ मध्यें ओरेगॉन राज्यांतील ग्रँट्स पास या गांवाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, सहा विरुद्ध तीन मतांनींच, सार्वजनिक जागेंत अंथरूण पसरून मुक्काम करणाऱ्यांस व उद्यानांत रात्रीं गाडी उभी करणाऱ्यांस दंड करण्याचा गांवाचा अधिकार मान्य केला. ज्या देशांत १९१९ सालीं डी सोटो उद्यान गाड्यांनीं भरून गेलें होतें, त्याच देशांतली ही गोष्ट.

माझ्या विद्यार्थ्याचें प्रकरण अर्थात् इतकें गंभीर नव्हतें. दंड झाला नाहीं. गाडी दुसऱ्या दिवशीं सुटावयाचीच होती, ती पहांटेच सुटली. पुढल्या वर्षीं त्यानें आठ मैलांवर भाड्याची जागा घेऊन गाडी तेथें ठेविली आणि आईवडिलांना सामानासह तिकडे नेऊन बसविलें. संघानें धाडलेलें छायाचित्र मात्र त्याच्या वडिलांनीं परत साताऱ्यास आणलें. समोरच्या घराच्या माडीवरून तें घेतलेलें असावें. गाडीचा पांढरा भाग फारसा स्पष्ट उठलेला नाहीं. पायरीवर बसून ते चहा पीत आहेत आणि त्यांची पत्नी दारांतून कांहीं सांगत आहे, एवढें चांगलें दिसतें. दोघांचें एकत्र असें छायाचित्र त्यांच्यापाशीं दुसरें नव्हतें. त्यांनीं तें चौकटींत बसवून बैठकीच्या भिंतीवर लाविलें आहे.